इंगळे बाई आणि इंग्रजांचं पाणी

प्रिय अन्वी आणि ईशान,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईने ईशानच्या शाळेचा एक कागद मला फोनवर पाठवला. डावीकडे पाण्यावरचे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे त्यांचे अर्थ, आणि मध्ये रेघ ओढून जोड्या लावायच्या. ईशानने सगळ्या बरोबर लावल्या होत्या. खाली आईने लिहिलं होतं, 'हे मराठीत कसं सांगायचं, असं तो विचारतोय.'

मी उत्तर लिहायला बसले आणि मला जाणवलं की याचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही, समोरच्या इंगळे बाईंचा आहे. पण त्यांच्या घराला दिवाळीपासून कुलूप आहे. त्या आता गावी राहतात, त्यांना कमी ऐकू येतं आणि फोन त्यांना आवडत नाही. तेव्हा त्यांच्या वतीने मीच लिहिते. त्यांच्याबद्दल सगळं मला माहीत नाही आणि माहीत आहे ते सगळं मी लिहिणार नाही. पण पाण्याचं तेवढं सांगते. आई वाचून दाखवील. वऱ्हाडी बोलणं आलं की तिने नीट त्या ठसक्यात वाचावं, पुणेरी करू नये.

आमची ओळख अकोल्याला झाली, मुलींच्या शाळेत. तुमच्या आजोबांची नोकरी तिथे होती आणि मी पुण्याहून लग्न होऊन आलेली. इंगळे बाई आणि मी, दोघी इंग्रजी शिकवायचो. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्या दर्यापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात मराठी शाळेत शिकलेल्या. उंच, सडपातळ, साडीच्या निऱ्या अशा घट्ट बसवलेल्या की दिवसभरात एकही हलायची नाही. वर्गात शुद्ध मराठी आणि जपून, पारखून बोललेलं इंग्रजी. वर्गाच्या बाहेर पाऊल पडलं की वऱ्हाडी. मला त्या 'लीलाबाई' म्हणायच्या, आणि काही विचारायचं असलं की आधी 'काहो लीलाबाई'.

त्यांची एक लकब सगळ्या शाळेला माहीत होती. कोणाच्याही घरी गेल्या आणि पाणी पुढे आलं की पहिला घोट त्या तोंडात थोडा वेळ धरून ठेवायच्या. मग गिळायच्या आणि मान हलवून म्हणायच्या, "चांगलं आहे." जणू यजमानीण बाईने काही रांधून दिलं होतं. शिक्षकांच्या खोलीत कोणी अर्धा पेला पाणी टाकून उठलं की त्या विचारायच्या, "हा कोणाचा?" ज्याचा असेल तो परत येऊन पिईपर्यंत पेला तिथून हलू द्यायच्या नाहीत. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनासुद्धा एकदा भर मीटिंगमध्ये त्यांनी उरलेलं पाणी प्यायला लावलं होतं.

वाक्प्रचार शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. त्या अर्थ विचारायच्याच नाहीत. "अर्थ डिक्शनरीत आहे. तू हे केव्हा म्हणशील ते सांग," असं म्हणायच्या. मग मुली आपापल्या घरातले प्रसंग सांगायच्या आणि तास कुठल्या कुठे जायचा. मी शेजारच्या वर्गात शिकवायचे. माझ्या मुलींचे कान भिंतीकडे असायचे.

या रीतीमुळे परीक्षेत गमती व्हायच्या. 'टु पोअर कोल्ड वॉटर ऑन समथिंग' म्हणजे एखाद्याच्या उत्साहावर विरजण घालणं. ईशान, तू ते बरोबर जोडलं आहेस. पण अकोल्याचा मे महिना तू पाहिलेला नाहीस. एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'वडील दुकानातून आले, आईने त्यांच्यावर थंड पाणी ओतलं आणि त्यांना फार आनंद झाला.' इंगळे बाईंनी मला पेपर दाखवला. मी म्हटलं, शून्य द्यावं लागेल. त्या बराच वेळ पेन धरून बसल्या. शेवटी अर्धा मार्क दिला. वाक्याला दिला, अर्थाला नाही, असं म्हणाल्या.

तपासणीला साहेब आले होते तेव्हाची गोष्ट तर शाळेत पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. साहेब रत्नागिरीकडचे. त्यांनी शबानाला उभं केलं. शबानाच्या वडिलांचं रजया भरायचं दुकान होतं आणि ती वर्गात पहिली यायची. साहेबांनी विचारलं, 'टु स्पेंड मनी लाइक वॉटर' म्हणजे काय. शबाना न अडखळता इंग्रजीत म्हणाली, "खूप जपून खर्च करणं, सर."

साहेब हसले. वर्गही हसला असता, पण इंगळे बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सर, तिच्या मोहल्ल्यात नळ कधी येतो ते तिला विचारा."

साहेबांनी ते काही विचारलं नाही. उलट त्यांनी समजावलं की आपण मराठीतही पाण्यासारखा पैसा ओतला असं म्हणतोच, त्यात इंग्रजीचा काय दोष. त्यावर इंगळे बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "हो सर. म्हणणारा कोकणातला असेल."

मी दाराशी उभी होते. साहेबांच्या चेहऱ्यावर रागवावं की काय ते ठरत नव्हतं. मग तेच मोठ्याने हसले आणि पुढच्या वर्गात गेले. साहेब गेल्यावर बाईंनी शबानाला सांगितलं की परीक्षेत 'उधळणं' लिही, मार्क त्याचेच मिळतात. अकोल्यात तेव्हाही नळ रोज येत नव्हता, आजही येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातलं कोणीतरी कामावर उशिरा जातं आणि वरिष्ठ त्याला काही बोलत नाहीत.

पुढे आजोबांची बदली अमरावतीला झाली. काही वर्षांनी इंगळे बाईही अमरावतीच्या शाळेत आल्या आणि त्यांनी आमच्या समोरचंच घर घेतलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गावाकडे भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा प्रशांत. प्रशांत शिकायला त्यांच्याकडेच होता. त्याला त्यांनी वाढवला म्हटलं तरी चालेल. दोघं जिन्यात बसून इंग्रजी वाक्प्रचारांवर वाद घालायचे आणि मी माझ्या गॅलरीतून ऐकायचे.

निवृत्तीनंतर बाईंचा एक सिद्धांत पक्का झाला होता. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आल्या की तो त्या थोडा थोडा पुढे न्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजांचं पाणी माणसाच्या बाहेर असतं. समुद्र, बोट, पूर. माणूस त्यात पडतो, बुडतो, तरतो. 'इन डीप वॉटर' म्हणजे मोठ्या अडचणीत, 'कीप युवर हेड अबव्ह वॉटर' म्हणजे कसंबसं निभावून नेणं. सगळी भीती बुडायची. आपल्याकडे पाणी माणसाच्या आत असतं. डोळ्यांत येतं, तोंडाला सुटतं, तोंडचं पळतं. माणूस पाणीदार असतो. कुणाचं पाणी जोखायचं म्हणजे त्याच्यात किती दम आहे ते पाहायचं.

मी म्हणायचे, हे सगळीकडे लागू पडणार नाही. एखाद्याला पाण्यात पाहतात, ते पाणी बाहेरचंच. मग त्या कप खाली ठेवून विचारात पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायच्या. 'होल्ड वॉटर' म्हणजे एखादं म्हणणं टिकणं. माठाला तडा नसला तर पाणी राहतं, तसं. त्या स्वतःचाच सिद्धांत रोज पाणी भरून पाहायच्या, कुठे झिरपतो का ते.

एक वाक्प्रचार मात्र त्यांना मुळीच आवडायचा नाही. 'वॉटर अंडर द ब्रिज'. झालं गेलं ते वाहून गेलं, आता काय त्याचं, असा त्याचा अर्थ. त्या म्हणायच्या, "लीलाबाई, आमच्या पुलाखालून आठ महिने काही जातच नाही. जे असते ते तिथंच पडून राहते."

आता त्यांच्या गावाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अकोला आणि अमरावतीच्या मध्ये पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला मोठा पट्टा आहे. त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन काळी, खोल, कापसाला आणि हरभऱ्याला उत्तम. पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारंच. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. प्यायचं पाणी बाहेरून येतं. कधी नळयोजनेचं, कधी टँकरचं, आता कॅनचं. येत नाही तेव्हा लोक विहिरीचं पितात. त्याने मूत्रपिंड बिघडतं असं सगळेच म्हणतात. म्हणून गोड्या पाण्याच्या गावचे लोक या पट्ट्यात मुलगी द्यायला तयार नसतात.

त्यावर गावांनी एक तोड काढलेली आहे. मुलीकडचे लोक घर पाहायला येणार असले की आदल्या दिवशी कुठून तरी गोडं पाणी आणून एक वेगळा माठ भरून ठेवायचा. त्याला म्हणतात पाव्हण्याइचा माठ. गल्लीतले लोकही आपापल्या घरचं गोडं पाणी तांब्या तांब्याने आणून देतात, कारण उद्या त्यांच्याही मुलाचं लग्न असतं. पाहुणे त्या माठातलं पाणी पितात, त्याच पाण्याचा चहा पितात, आणि समाधानाने जातात. मुलगी सासरी येते तेव्हा तिला कळतं.

प्रशांतचं दर्यापूरला कृषी केंद्र होतं. बियाणं, फवारणीची औषधं विकायचा. दुकान नीट चालत होतं, मुलगा निर्व्यसनी, घर बांधलेलं. तरी चार-पाच ठिकाणांहून नकार आला होता, आणि कारण कोणी तोंडाने सांगत नव्हतं. तिशी उलटली तसा तो गप्प व्हायला लागला. सणाला अमरावतीला आला तरी जिन्यात बसायचा नाही. इंगळे बाईंना त्याची काळजी लागली होती. त्या माझ्याशी इंग्रजांच्या पाण्याविषयी बोलत असायच्या, पण लक्ष फोनकडे असायचं.

शेवटी वलगावचं एक स्थळ आलं. अमरावतीजवळचं ते गाव, पाणी भरपूर. त्या लोकांची शेवंती आणि झेंडूची शेती होती. मुलीचे वडील, आई आणि आत्या घर पाहायला येणार होते. बाईंच्या वहिनींनी मला आवर्जून बोलावलं. आमच्याकडे पुण्याच्या बाईंची ऊठबस आहे हे दिसावं, एवढंच माझं काम होतं. इंगळे बाई आणि मी आदल्या दिवशीच बसने गेलो.

वहिनी म्हणजे शांताबाई, ठेंगणी, तरतरीत बाई. तोंड सतत चालू आणि हात त्याहून जास्त. त्या स्वतः पातूरच्या. तिथलं पाणी गोड. त्याही अशाच एका माठातलं पाणी पाहून या घरात दिलेल्या होत्या. त्यांनी माठ तर भरलाच होता, पण त्यांची खरी हुशारी पुढेच होती. आता मुलींचे बापही शहाणे झाले होते. ते हात-पाय धुवायच्या निमित्ताने अंगणात जायचे आणि हळूच गुळणा करून पाहायचे. प्यायचं पाणी कोणीही आणेल, धुण्याचं कोण आणणार, असा हिशेब. शांताबाईंनी अंगणातला ड्रमही गोड्या पाण्याने भरवला होता. हे मला त्यांनी कौतुकाने दाखवलं. इंगळे बाईंनी ड्रममध्ये वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलीचे वडील पागोटं बांधलेले, धिम्या स्वभावाचे. चपला काढल्या आणि सरळ ड्रमपाशी गेले. पाय धुतले, तोंड धुतलं, गुळणा केला, आणि थोडा वेळ तसेच ओणवे राहिले. परत येऊन बाजेवर बसले तेव्हा चेहरा उजळला होता.

"पानी तं चांगलं हाये तुमचं," ते म्हणाले. "लोकं उगीच म्हंतात."

शांताबाईंनी पदर सावरला. प्रशांत जमिनीकडे पाहत होता. तेव्हा इंगळे बाई उठल्या. मागच्या दाराने गेल्या. विहिरीवर मोटारीचं बटण दाबल्याचा आवाज आला. त्या एक तांब्या आणि पेला घेऊन आल्या, पेला भरला आणि पाहुण्यांपुढे धरला.

"ते पाव्हण्याइचं होतं," त्या म्हणाल्या. "हे घरचं. पोरीले हे प्या लागन. पाहून घ्या."

पाहुण्यांनी पेला घेतला. एक घोट घेतला. पेला हळूच बाजेखाली ठेवला. त्यानंतर ते चिवडा खाऊन, चहा पिऊन, प्रशांतच्या दुकानाची चौकशी करून, सगळ्यांना रामराम करून गेले. कुठेही उणा शब्द नाही. कळवतो म्हणाले, आणि ते कळवणार नाहीत हे सगळ्यांना कळलं.

गाडी वळणाआड जाईपर्यंत शांताबाई दारात उभ्या होत्या. मग आत आल्या. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. त्या खाली बसल्या आणि नणंदेकडे पाहत राहिल्या.

"मले कोनं सांगतलं होतं, ताई?" त्या म्हणाल्या. "कोनीच नाई. म्हून मी इथं हावो. सांगतलं असतं तं माहा बाप उठून गेला असता, अन् हा पोट्टा जलमले आला नसता. आता याले तुमी खरं खाऊ घाला, अन् खरं पाजा."

प्रशांत उठून दुकानावर गेला. आम्ही दुपारच्या बसने परतलो.

बसमध्ये मी त्यांना विचारलं. मला राग नव्हता आला, नवल वाटत होतं. ज्या मुलासाठी बाई रोज झुरत होत्या त्याचंच जमत आलेलं लग्न त्यांनी एका पेल्यात मोडलं होतं. शिवाय शांताबाईंचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं.

त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं की शांताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या स्वतः शाळेत शिकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सगळे बसले होते. नव्या नवरीने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि थांबली. पेल्यात पाहिलं. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सासूच्या, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, शेवटी या लहान नणंदेच्या.

"कोणाकोणाले माईत होतं, ते पाहून राहिली होती ती," इंगळे बाई म्हणाल्या. "मंग पिऊन टाकलं सगळं. पानी खारं होतं त्याचं काही नाई, लीलाबाई. तसं दुसऱ्या पोरीनं माह्याकडे पाहू नये."

त्यानंतर त्या घराशी त्यांचं बोलणं बंद पडलं. म्हणजे त्या फोन करायच्या, तिकडून कोणी उचलायचं नाही. प्रशांतने उचलला तर हो, नाही, ठेवतो, इतकंच. वलगावहून निरोप आला नाहीच. पुढे मूर्तिजापूरकडचं एक स्थळ आलं आणि तेही गेलं. त्या वेळी इंगळे बाईंना बोलावलं नव्हतं, पाहुण्यांना माठातलंच पाणी दिलं होतं, तरी गेलं. वलगावची गोष्ट फुलांच्या बाजारातून पसरली असणार. हे ऐकल्यावर बाईंनी माझ्याकडे यायचं कमी केलं. आल्या तरी सिद्धांत पुढे सरकत नव्हता. मी एकदा मुद्दाम विचारलं, की 'टेस्ट द वॉटर्स' म्हणजे अंदाज घेणं, मग आपलं पाणी जोखणं तेच का. एरवी त्यांनी तासभर घेतला असता. त्या म्हणाल्या, "तेच असेल," आणि चहा संपवून गेल्या. त्यांच्या घराचा दिवा संध्याकाळी उशिरापर्यंत लागायचा नाही. मला भीती वाटू लागली की प्रशांतचं लग्न तर राहिलंच, त्याची आत्याही त्या घराला कायमची तुटणार.

साधारण वर्ष उलटल्यावर शांताबाईंचा फोन मला आला. अकोल्याच्या बाजूचं, पूर्णेच्या पलीकडच्या तीरावरचं एक स्थळ होतं. मुलगी नर्सिंग शिकलेली, नाव सविता. दादा, म्हणजे प्रशांतचे वडील, आणि प्रशांत तिचं घर पाहून आले होते. सगळं पसंत होतं, आमचं गाव खाऱ्या पट्ट्याच्या बाहेर पडतं असं ते लोक सांगत होते आणि पाणीसुद्धा चांगलं होतं म्हणे. आता ते लोक येणार होते, मुलीलाही घेऊन. शांताबाई म्हणाल्या, "आत्याशिवाय कसं करावं? तिले घेऊन या. पन तिले म्हना, तोंड उघडायचं नाई, अन् विहिरीकडे जायचं नाई."

मी निरोप दिला. इंगळे बाईंनी साडी बदलली आणि पिशवी भरली.

या वेळी त्यांना आतल्या भिंतीशी, मागच्या दारापासून लांब बसवलं होतं. शांताबाई ये-जा करताना त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. बाईंनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले होते. शब्द पाळायचा तर एक मुलगी पुन्हा तशीच फसणार. मोडायचा तर प्रशांत संपला. वाक्प्रचाराचा वर्ग घेणाऱ्या बाईंना मी एवढं गप्प कधीच पाहिलं नव्हतं.

पाहुणे बसले. माठातलं पाणी आलं. सविताच्या वडिलांनी प्यायलं, आईने प्यायलं, आणि दोघांनी तोंडभरून चांगलं म्हटलं. जरा जास्तच चांगलं म्हटलं. सविताने पेला हातात घेतला, वास घेतल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. मग तिने उठून शांताबाईंना विचारलं, "मावशी, विहीर कोन्या बाजूनं हाये?"

शांताबाईंनी पहिल्यांदा इंगळे बाईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "मी नाई सांगतलं काही," त्या म्हणाल्या.

मुलगी तोवर मागच्या दारातून गेली होती. आम्ही सगळे तिच्यामागे गेलो. तिने मोटार सुरू केली, पाइपाखाली ओंजळ धरली आणि प्यायली. दुसरी ओंजळ घेतली. प्रशांत मागे उभा होता. त्याचा चेहरा मला पाहवेना. तिने ओठ पुसले आणि आपल्या आईकडे वळून म्हणाली, "आई, आपल्यापेक्षा गोड हाये."

आई लाजेने लाल झाली. वडील विहिरीच्या कठड्याकडे पाहू लागले. मग सगळं बाहेर आलं. सविताचं गावही खारपाणपट्ट्यातलंच. तिथलं पाणी या गावापेक्षा खारं. प्रशांत आणि दादा तिकडे गेले तेव्हा त्यांना जे पाजलं ते तिथल्या पाव्हण्याइच्या माठातलं होतं, आणि ते अकोल्याहून कॅन भरून आणलेलं होतं. मुलाकडच्यांनी नाव ठेवू नये म्हणून. दादांनी त्या पाण्याची गावभर तारीफ केली होती.

आधी शांताबाई हसल्या. त्या हसता हसता विहिरीच्या पायरीवरच बसल्या. सविताची आई हसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. या पट्ट्यातल्या प्रत्येक घराने वर्षानुवर्षं गोड्या पाण्याच्या गावांत सुना शोधल्या होत्या आणि आपल्या मुली पट्ट्याबाहेर द्यायची धडपड केली होती. खाऱ्या पाण्याची सवय असलेली मुलगी नदीपलीकडेच असते, हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

सविता प्रशांतला म्हणाली, डाळीला गोडं पाणी लागेल, ते तुम्ही आणायचं. तो हो म्हणाला. तो एवढा पटकन हो म्हणाला की तिला हसू आलं.

इंगळे बाई अजून दारातच उभ्या होत्या. विहिरीकडे जायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. शांताबाईंनी वळून पाहिलं आणि म्हटलं, "या ना आता, ताई. काहून उभ्या राहून राहिल्या?"

लग्न अकोल्याला झालं. त्याविषयी पुन्हा कधीतरी सांगेन. दिवाळीत बाई पडल्या, पाय दुखावला, आणि प्रशांत गाडी घेऊन त्यांना न्यायला आला. त्या आठवडाभरासाठी म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले होते. निघायची वेळ झाली तेव्हा निरोप घ्यायला मागे गेले. बाई आणि शांताबाई स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. बाईंना ऐकू येत नसल्यामुळे शांताबाई मोठ्याने बोलत होत्या आणि बाईही उगीचच तेवढ्याच मोठ्याने. वाद कशावरून होता ते मला कळलं नाही. मी दोनदा हाक मारली. दोघींनाही ऐकू गेली नाही. सविता म्हणाली, "जाऊ द्या मावशी, मी सांगतो त्याइले." मी बसला निघाले.

ईशान, तुझ्या कागदावरचे सगळे अर्थ बरोबर आहेत, ते तसेच ठेव. मराठीत सांगायचं झालं तर बाईंची रीत धर, आपण ते केव्हा म्हणू ते आधी शोध. त्या गावातलं पाणी अजून खारं आहे. टँकर कधी येतो, कधी येत नाही. नणंद आणि भावजय एका घरात राहतात आणि एकमेकींशी बोलतात.

तुमची,
आजी